दाजींचा डॅलसचा डबा: थंड पाण्यातल्या बाससाठी लुअर निवडताना काय काय झालं

आमचे दाजी भोसरीच्या एका टूलरूममधून रिटायर झालेत, राहायला सहकारनगरला, आणि लुअरवर, म्हणजे प्लास्टिक-रबर-धातूच्या खोट्या आमिषावर, मासे धरायचा नाद फार जुना. पवना, मुळशी, कधी उजनीच्या कडेला, जिथे रीतसर विचारून परवानगी मिळते तिथे (आपल्याकडे धरणातल्या मासेमारीचे ठेके बरेचदा सहकारी सोसायट्यांकडे असतात, नव्या पोरांना हे माहीतच नसतं आणि मग काठावर वाद घालत बसतात). मुलगी टेक्सासला, डॅलसच्या वर फ्रिस्को आहे तिथे. जानेवारीच्या मध्यात ताई आणि दाजी निघणार होते, जावयानं लेक फोर्कला, तिकडच्या एका मोठ्या धरणाच्या तळ्यावर, एका वीकएंडसाठी बोट सांगून ठेवली होती, आणि धरायचा होता लार्जमाउथ बास, म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. दाजींचा मला फोन आला तो एकाच प्रश्नासाठी, "अरे, लाल घेऊ का चंदेरी, शॅड माशाच्या रंगाचा घेऊ?"

मी म्हटलं दाजी, रंगाचं नंतर बघू, पाणी किती अंशावर असणार ते सांगा आधी. त्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच नाही, मग "जावयाला विचारतो" म्हणून फोन ठेवला.

हे सगळं प्रकरण सविस्तर लिहितोय कारण रंगाचा प्रश्न सगळेच पहिला विचारतात आणि दुकानदारांना पण तोच आवडतो, एका मॉडेलचे बारा रंग विकता येतात ना. माझं म्हणणं असं की थंड पाण्यातला लुअर निवडताना एकच गोष्ट आधी बघायची, तुम्ही हात थांबवल्यावर तो लुअर पाण्यात काय करतो. ओढताना छान तर सगळेच दिसतात.

पाण्याचा हिशेब

जावयाचा मेसेज आला, तिथे जानेवारीत पाणी साधारण पंचेचाळीस ते बावन्न फॅरनहाइट असतं, म्हणजे आपले ७ ते ११ अंश. पुण्यात हवा पहाटे दहावर आली की आपण लगेच कानटोप्या काढतो, पण धरणाचं पाणी तेव्हाही विशीच्या आसपासच असतं, एवढं मोठं पाणी चार थंड रात्रींत काही गार होत नाही. म्हणजे दाजींनी आयुष्यभर ज्याला "हिवाळ्यातली फिशिंग" म्हटलं ती बासच्या हिशेबानं हिवाळ्यातली नव्हतीच, तिकडच्या ऑक्टोबरातली म्हणा हवं तर. इथूनच दाजींचा लुअरचा निम्मा डबा बाद होणार हे मला कळलं होतं, सांगायचं कसं एवढाच प्रश्न होता.

बासचं शरीर पाण्याइतकंच गार असतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल जसं हलेना होतं तसं त्याचं सगळंच मंदावतं, पचन मंद, हालचाल मंद. झोपत वगैरे नाही, खातो, पण खाल्लेलं पचायला खूप वेळ लागतो त्यामुळे कमी वेळा खातो आणि लांब पाठलाग करत नाही. खोल पाण्याच्या जवळ, एखाद्या उताराच्या कडेला किंवा बुडालेल्या झाडांत थांबून राहतो. लेक फोर्कमध्ये ही बुडालेली झाडं भरपूर, १९८० च्या सुमाराला धरण भरलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. तळं साधारण २७ हजार एकरांचं, आणि त्यात फ्लोरिडाकडच्या जातीचा बास मुद्दाम सोडून वाढवलेला, जो मोठा होतो पण थंडीला जास्त नाजूक समजला जातो. म्हणजे थंडीची लाट आली की अजूनच रुसणार.

दुसरी एक गोष्ट आहे जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे बासचं मुख्य खाणं म्हणजे शॅड नावाचा चंदेरी छोटा मासा, आणि त्यातली थ्रेडफिन जात थंडीला अजिबात टिकत नाही, पाणी ७ अंशांच्या आसपास गेलं की ती लटपटायला लागते, थोडी थरथरते, थांबते, कलते, हळूहळू खाली जाते, बरीचशी मरतातही. म्हणजे त्या पाण्यात थांबणारी, अर्धमेली गोष्ट हेच रोजचं जेवण. तिथे भराभर पळणारा लुअर दिसला तर बासला तो परका वाटत असेल की नाही देव जाणे, पण त्याच्यामागे जायची त्याची ताकद नसते हे नक्की.

डबा उघडला

सहकारनगरला डायनिंग टेबलवर सगळा डबा मांडला. एका बाजूला ताई भाजणी, गोडा मसाला, मेतकूट यांची पाकिटं वजन करून बॅगेत भरत होती आणि तिनं आधीच सांगून टाकलं, "तुमच्या त्या गळांना दीड किलोच्या वर मिळणार नाही." हा नियम पुढे फार उपयोगी पडला.

सगळ्यात वर फ्रॉग. पोकळ रबरी, गळ पाठीला चिकटलेले, पाणवनस्पतीत अडकत नाही, मरळसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. दाजींचा जीव त्यात. "अरे, याच्यावर मी किती मरळ काढलेत." काढलेत, मान्य. पण मरळला हवा घ्यायला पृष्ठभागावर यावंच लागतं, तिच्या श्वासाचा अर्धा कारभार वरच असतो, त्यामुळे वर बसलेला फ्रॉग तिच्या रस्त्यातच येतो. बास कल्ल्यांवर जगतो, वर यायची सक्ती त्याला नाही. आठ अंशाच्या पाण्यात तो तीन-चार मीटर खाली पडून असेल तर वरचा फ्रॉग त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरचा. थांबवल्यावर फ्रॉग काय करतो तर वर तरंगतो. बाद. पॉपर, आणि पृष्ठभागावर खळखळणारे बाकीचे सगळे, त्याच कारणानं बाद.

छोटे फिरत्या पात्याचे स्पिनर होते. ओढलं तर पातं फिरतं, थांबलं तर लोखंडाचा तुकडा म्हणून खाली. बाद.

मग लिपलेस, म्हणजे चपटा, आत खुळखुळणाऱ्या गोळ्यांचा, पुढे जीभ (लुअरला खाली नेणारी तिरपी पट्टी) नसलेला. दाजी हा पवनेला सटासट ओढतात. मी म्हटलं हा ठेवा, पण ओढायचा तसा नाही. लेक फोर्कमध्ये हायड्रिलाची पाणगवतं आहेत. हा लुअर बुडू द्यायचा, गवताला टेकला की रॉडनं झटका मारून सोडवायचा आणि पुन्हा ढिला सोडायचा, तो डोकं खाली करून थरथरत पडतो. मासा त्या पडण्यावर घेतो. थांबवल्यावर हा पडतो आणि पडताना जिवंत दिसतो, म्हणून पास. आणि इथे दाजींच्या लाल रंगाचं उत्तर पण मिळालं: टेक्सासमध्ये जानेवारीच्या शेवटापासून गवतावर लाल लिपलेस वापरायची जुनी पद्धत आहे, सॅम रेबर्न तळ्यावरून त्या लालला नावच रेबर्न रेड पडलंय, क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या कवचाच्या प्राण्याचा तो रंग. दाजी खूश. "बघ, मी लाल म्हणतच होतो." म्हणा बापडे.

जीभवाल्या क्रँकबेटांपैकी, म्हणजे ओढलं की डोलत जाणाऱ्या लुअरपैकी, एकच ठेवला, चपट्या बाजूंचा. रुंद डोलणारे गुबगुबीत गरम पाण्याला ठीक, गार पाण्यात बारीक, घट्ट थरथर जास्त चालते असा तिकडच्या लोकांचा अनुभव. धरणाच्या भिंतीच्या दगडांवर ठोकत न्यायला हा.

आणि मग जर्कबेट. लांबट, सडपातळ, तीन गळांचा, झटका मारला की डावीउजवीकडे उसळतो आणि थांबवला की पाण्यात अधांतरी उभा राहतो, ना वर ना खाली. कागदावर तरी. दाजींच्या डब्यात असे तीन होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे, दीड-दोन हजारांच्या घरातले, आणि ते त्यांनी जवळपास वापरलेच नव्हते कारण पवनेला थांबायला वेळ कुणाला. माझ्या मते या सगळ्या प्रवासाचा मुख्य लुअर हाच होता, त्यामुळे त्याच्यावर आम्ही अख्खी दुपार घातली.

बादलीतली परीक्षा

सगळीकडे एक वाक्य ऐकायला मिळतं की पाणी गार झालं की जड होतं, म्हणून जर्कबेट गार पाण्यात वर येतो. मी तेच सांगायला लागलो तर दाजींनी मधेच थांबवलं. "पाणी जड होतं हे बरोबर, पण प्लास्टिक आकसत नाही का? एबीएस प्लास्टिक मीटरमागे अंशाला सत्तर-ऐंशी मायक्रॉन हलतं, साच्याचं काम करताना जन्म गेला आमचा त्यात."

गणित मांडलं. बावीस अंशांचं पाणी नऊ अंशांवर नेलं तर त्याची घनता सुमारे ०.२ टक्का वाढते, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या लुअरला वर ढकलणारा जोर ०.०३ ग्रॅमनं वाढला. पण तेवढ्याच फरकात एबीएसचं आकारमान ०.३ टक्क्याच्या आसपास आकसू शकतं, म्हणजे जोर तेवढाच, किंवा थोडा जास्तच, कमी झाला. दोन्ही एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात. प्लास्टिक कुठलं आहे, भिंत किती जाड, आत काय, यावर पारडं कुठेही झुकेल. लाकडी लुअरची गोष्ट वेगळी, लाकूड तेवढं आकसत नाही. म्हणजे "गार पाण्यात वर येतो" हे वाक्य डोळे झाकून घ्यायचं नाही, प्रत्येक लुअर बादलीत टाकून बघायचा. मला हे पटलं, आणि खरं तर या सगळ्या प्रकरणातला हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

बादलीत नळाचं पाणी, बावीस अंश. दुसऱ्या बादलीत बर्फ टाकून, ढवळून नऊ अंशांवर आणलेलं, स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून. लुअर टाकला की लगेच बघायचं नाही, दहा मिनिटं त्यात राहू द्यायचा, आतून गार व्हायला वेळ लागतो. आणि नुसता लुअर नाही, पुढे तिथे जी बांधणार तीच क्लिप आणि तीच फ्लोरोकार्बनची लाइन (गळाचा दोरा) हातभर बांधून, कारण फ्लोरोकार्बनची घनता १.७८ च्या आसपास, ती बुडते आणि नाक खाली ओढते, साधी नायलॉन १.१४ च्या आसपास म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच.

पहिला दोन्ही बादल्यांत शेपूट वर करून सावकाश वर आला. दुसरा कोमट पाण्यात जागेवर होता, गार पाण्यात अगदी हळू, बघत बसलं तरच कळेल इतका, खाली जायला लागला. म्हणजे दाजींचं प्लास्टिक जिंकलं. तिसरा जिथे सोडला तिथेच, दोन्हीकडे. बाळंतविडा मिळाल्यासारखा दाजींनी तो तिसरा उचलला आणि वेगळा ठेवला.

पहिल्याला वजन हवं होतं. दाजी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून ०.८ मिलिमीटरची सोल्डरची तार घेऊन आले. ही तार सेंटिमीटरला साधारण ०.०४ ग्रॅम भरते, गळाच्या दांड्यावर एक वेढा म्हणजे अडीच शतांश ग्रॅम. पुढच्या गळावर एक वेढा, बादलीत टाका, बघा, अजून एक, पुन्हा बघा. दाजींचा हात टूलरूमचा, वेढ्याला वेढा चिकटून, टोक चिमट्यानं दाबून आत घातलेलं, कुठे बोट अडकणार नाही. काही वेढ्यांनंतर तो लुअर नाक जरासं खाली करून उभा राहिला, अगदी हवा तसा. वजन पुढच्याच गळावर टाकायचं, मागच्यावर टाकलं तर शेपूट खाली जाते आणि झटक्यावर लुअर नीट उसळत नाही. बुडणाऱ्या दुसऱ्याचं उलट, त्याची जाड क्लिप काढून बारीक लावली, तरी तो थोडा बुडतच होता, तेवढं चालतं असं ठरवून सोडून दिला.

विकत काय घ्यायचं, कुठे

इथे ताईचा दीड किलोचा नियम कामाला आला. जे जुळवावं लागतं ते इथून न्यायचं, जे नुसतं जड आहे ते तिथे घ्यायचं. जिग (शिशाच्या डोक्याचा, झालर लावलेला गळ) आणि चमचे (धातूचे चपटे लुअर) म्हणजे शेवटी नुसतं वजनच, ते पुण्यातून डॅलसला नेण्यात काय अर्थ. लुअर सगळे चेक-इन बॅगेत, गळांची टोकं नळीत घालून.

जावयाला यादी पाठवली. सगळ्यात वर जिग, तीन अष्टमांश आणि अर्धा औंस, तपकिरी किंवा भोपळी हिरवा, गवत-झाडात अडकू नये म्हणून पुढे काड्यांची जाळी असलेला. त्याच्या मागे जोडायचा रबरी तुकडा मात्र साधा, पाय फडफडणारा नको. कारण तेच, जिग तळाला बसवून ठेवायचा असतो, तो थांबला तरी त्याच्या झालरीचे केस पाण्यात आपोआप हलत राहतात, तेवढं पुरतं. दुसरं, नेड रिग, म्हणजे छोट्या मशरूमसारख्या डोक्याच्या शिशावर बोटभर जाडसर रबरी अळी, अळीचं रबर तरंगणारं असल्यामुळे थांबल्यावर ती तळाला शेपूट वर करून उभी राहते. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावावरून नाव पडलंय. दिसायला अगदीच गरीब, दाजी फोटो बघून म्हणाले "हे काय, खडूचा तुकडा?" तिसरं, उभ्यानं वरखाली करायचा चमचा, खोल पाण्यात शॅडचे थवे सापडले तर. यात माझी एक शंका होती की चमच्याला सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, हवं, थवा कुठे आहे ते दिसल्याशिवाय तो टाकून उपयोग नाही, आणि भाड्याच्या बोटीवर काय असेल कोण जाणे. तरी दोन घ्यायला सांगितले.

यादीत छोटे लुअर जास्त आहेत हे दाजींना पटत नव्हतं, तेव्हा जावयानंच त्यांना लेक फोर्कचा किस्सा पाठवला: टेक्सासचा बासचा राज्य विक्रम १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा, तो याच तळ्यात २४ जानेवारी १९९२ ला निघाला, आणि धरणारा बॅरी सेंट क्लेअर बासच्या मागे नव्हताच, क्रॅपी नावाच्या छोट्या माशासाठी बोटभर जिवंत मासा लावून बसला होता. दाजी लगेच "मोठा मासा, छोटं आमिष" असं म्हणत फिरायला लागले. एका माशावरून नियम होत नाही हे मी सांगून बघितलं, पण यादी पास होत होती म्हणून जास्त ताणलं नाही.

तळ्यावर

लायसन्स आधीच ऑनलाइन काढलं, टेक्सासमध्ये साधारणपणे सतरा वर्षं आणि त्यावरच्यांना लागतं, पाहुणा असला तरी. आदल्या रात्री उत्तरेचा वारा येऊन गेला होता, आणि सकाळी आकाश निळंशार, कोरडी थंडी. लाट येऊन गेल्यावरचा असला स्वच्छ दिवस म्हणजे सगळ्यात वाईट दिवस असं तिकडचे लोक म्हणतात. बोट उतरवायच्या रॅम्पवर पाणी ४८ फॅरनहाइट, नऊ अंशाच्या जवळपास, बादलीसारखंच.

पहिले काही तास दाजी आणि जावई वरच्या ओढ्याच्या तोंडाशी होते कारण जावयाला ती जागा माहीत होती. चार दिवसांपूर्वीच्या पावसानं पाणी गढूळ, लुअर वीतभर खाली गेला की दिसेनासा. दाजींनी तिथे जर्कबेट चालवला, छान चालवला असेल, पण त्याचा सगळा धंदा दिसण्यावर आहे, तो फारसा आवाज करत नाही, पाणी फार ढवळत नाही, थांबून उभा असतो तेव्हा तर काहीच करत नाही. ज्या पाण्यात मासा वीतभर बघू शकत नाही तिथे अधांतरी उभा लुअर म्हणजे नसल्यात जमा. काही लागलं नाही. मला फोटो आला, गढूळ पाण्याचा, खाली लिहिलेलं "तुझी बादली फेल". मी उलट लिहिलं, पाणी बदला, लुअर नका बदलू.

दुपारी धरणाच्या बाजूला आले. तिकडे पाणी कितीतरी साफ, हातभर तरी खाली दिसत होतं, आणि भिंतीच्या दगडांवर सकाळपासून ऊन होतं. दगड ऊन धरून ठेवतात, कडेचं पाणी एखाद-दुसरा अंश वर जातं, आणि या पाण्यात तेवढ्यानं फरक पडतो, म्हणूनच हिवाळ्यात तिकडचे लोक सकाळपेक्षा दुपार पसंत करतात. तिथे जावयानं जिग दगडांवरून इंच इंच उतरवला आणि छोटे मासे लागले, किलोच्या आतले. दाजींचं मन जिगमध्ये रमलं नाही, ते बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बुडालेल्या झाडांच्या कडेला जर्कबेट टाकत बसले. आधी बोटीच्या कडेला तो पाण्यात सोडून बघितला, वेढे घातलेला तोच, उभा राहिला.

मग एक झटका, दोन झटके, आणि थांबणं. दाजी मोजत होते, एक हजार एक, एक हजार दोन, असं बारापर्यंत. जावई सांगतो की बघणाऱ्याला वेड लागायची पाळी. लागला तेव्हा धक्का वगैरे काही बसला नाही, पुढचा झटका मारायला गेले तर लाइन जड, भिजलेलं पोतं ओढावं तसं नुसतं वजन आलं. गार पाण्यात बास बरेचदा असाच घेतो, येऊन तोंडात धरतो आणि उभा राहतो, म्हणून थांबलेलं असताना लाइनवर डोळा ठेवायचा, जरा बाजूला सरकली तरी रॉड उचलायची. मोजपट्टीवर एकवीस इंच. लेक फोर्कला सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही, लगेच सोडावा लागतो, त्याच वयाचा मासा पुढे वाढतो म्हणून. फोटो काढून सोडला. संध्याकाळी तोच लुअर एका झाडात अडकून गेला. दाजींनी तार गेल्याचं दुःख लुअरपेक्षा जास्त केलं.

दुसऱ्या दिवशी ढग होते, पाणी दीड अंश वर. गवतावर लाल लिपलेस, गवतातून झटक्यानं सोडवून पडू दिला की एक लागला, मग एक सुटला. नेड रिगवर जावयाच्या मुलीनं, वय वर्षं आठ, काठावरून एक काढला आणि खडूच्या तुकड्याबद्दल दाजींना त्या दिवसात बरंच ऐकावं लागलं. चमचे पाकिटातच राहिले, बोटीवरच्या यंत्रावर खोली सोडून काही दिसत नव्हतं.

आता यातून काय घ्यायचं

दाजींच्या मते तारेनं काम केलं. जावयाच्या मते जागा बदलली म्हणून झालं, लुअर कुठलाही चालला असता. माझं मत जावयाकडे जास्त झुकतं, कारण तोच लुअर, तेच वेढे, तोच माणूस सकाळी गढूळ पाण्यात होता आणि काही झालं नाही. पण कुठलाही चालला असता हे नाही पटत. साफ पाण्यात त्या झाडांच्या कडेला फ्रॉग टाकला असता तर तो वर तरंगला असता, स्पिनर खाली गेला असता, बारा मोजेपर्यंत तिथेच, माशाच्या उंचीवर उभा राहणारा प्रकार डब्यात एकच होता, जर्कबेट. तार नसती तर तो पण त्या बारा सेकंदांत वर आला असता, झाडांच्या शेंड्यापर्यंत. म्हणजे पाण्यानं लुअर चालू शकेल की नाही हे ठरवलं, आणि थांबण्यानं तो लुअर कुठला हे ठरवलं. एवढ्या थोड्या माशांवरून याच्या पुढे काही बोलणं म्हणजे पुड्या सोडणं.

इकडे पवनेला हे जसंच्या तसं आणू नका हे पण सांगून ठेवतो, दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं म्हणून. बावीस अंशाच्या पाण्यात बारापर्यंत मोजत बसायची गरज नाही, मरळ असेल तर तुमचा फ्रॉगच बरा. बादलीची परीक्षा मात्र कुठल्याही थांबणाऱ्या लुअरला करा, फुकट आहे.

पुढच्या जानेवारीची यादी झालीये. एकसारखे दोन जर्कबेट, दोन्हींना इथेच वेढे घालून, कारण एक झाडात जाणार हे धरूनच चालायचं. जिग जास्त. नेड रिग नातीच्या सल्ल्यानं दुप्पट. चमचे जावयाकडेच पडून राहू देत. एक गोष्ट राहिलीये, दाजींना गढूळ पाण्यासाठी पोपटी रंगाचा एक जर्कबेट हवाय, आणि मी म्हणतोय की वीतभर दिसणाऱ्या पाण्यात जर्कबेट बांधायचाच नाही, पोपटी असो नाहीतर सोन्याचा, तिथे सरळ जिग बांधून दगड गाठायचे. त्यावर अजून वाद चालू आहे.